गरीला लावायचा मासा आपल्या पानात

कोणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असाल, कोणी काजू सोलत असाल, कोणी बाजारातून टोपली रिकामी करून नुकतीच घरी आली असाल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या. आजचा विषय तुमच्या चुलीजवळचाच आहे.

आज आम्ही बोलणार आहोत बारीक मासळीविषयी. तारली, पेडवे, मांदेली, जवळा. आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडे तारलीला तारले म्हणतात, सुक्या जवळ्याला गोलमा म्हणतात. नावं वेगवेगळी, पण मान सगळ्यांना सारखाच कमी. गरीवाला समुद्रावर जाताना तारली चिरून गळाला लावतो, कारण तिच्या वासावर मोठा मासा येतो. रापणीला फार मिळाली तर ती माडाच्या आळ्यात खत म्हणून जाते. ट्रकभर मिळाली तर कोंबडीच्या आणि कोळंबीच्या खाद्याच्या कारखान्याला जाते. उरलीसुरली मांजराला. आणि घरी पाहुणे आलेले असताना सुनेने तारल्यांचं कालवण करायला घेतलं, तर सासूबाई तिला बाजूला घेऊन विचारतात, "गो, पावण्यांका तारले घालतलंस?"

आमचं म्हणणं एवढंच, की घाला. पाहुण्यांना घाला, पोरांना घाला आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या पानात घ्या. का, ते आता सांगतो. आणि कुठली बारीक मासळी घ्यायची नाही, तेही सांगतो, कारण ते तितकंच महत्त्वाचं आहे.

सुरमई काय खाते?

सुरमई, कुपा, तांबोशी यांना आपण पाहुण्यांचा मासा मानतो. पण हे मोठे मासे समुद्रात वाढतात कशावर? सुरमई तर तारली, पेडवे अशा बारीक मासळीच्या थव्यांमागे फिरत असते. म्हणून तर गरीवाला तिला तारलीच दाखवतो. जिच्या चवीवर सुरमई भुलते, ती आपल्याला कमी कशी?

आता तारली काय खाते ते बघा. ती कोणाची शिकार करत नाही. तोंड उघडं ठेवून पोहते आणि पाण्यातलं अगदी सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जीव गाळून घेते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर खालचं थंड, कसदार पाणी वर येतं. त्यावर हे शेवाळ माजतं आणि ते खाऊन तारली तेलकट होते. डॉक्टर हृदयासाठी चांगलं म्हणून ज्या ओमेगा-३ चं नाव घेतात, ते मुळात या शेवाळातच तयार होतं. शेवाळातून ते बारीक माशात येतं आणि बारीक माशातून मोठ्या माशात. म्हणजे गोळीच्या डब्यावर ज्याचं नाव छापलेलं असतं, ते आपल्या किनाऱ्यावर टोपलीने येतं आणि आपण ते माडाला घालतो.

दुसरी गोष्ट. समुद्रात पारा असतो. लहान माशाला मोठा मासा खातो, त्याला आणखी मोठा. तसतसा तो पारा वरच्या माशाच्या अंगात साठत जातो. मोठ्या, बरीच वर्षं जगलेल्या शिकारी माशात तो जास्त असतो. तारली, मांदेली थोडंच आयुष्य जगतात आणि साखळीत अगदी खाली असतात, म्हणून त्यांच्यात तो कमी असतो. गरोदर बायकांनी मासे खावेत की नाही, असं आम्हाला खूप जणी विचारतात. त्यांना ताजी, नीट शिजवलेली बारीक मासळी चांगली, ती याच कारणासाठी.

मान हा माशात नसतो, माणसाच्या नजरेत असतो. केरळात याच तारलीला मत्ती म्हणतात आणि तिथे ती घरोघर आवडीने खातात. तिचं तिथलं लाडकं नाव आहे 'कुडुंबम पुलर्ती', म्हणजे कुटुंब पोसणारी. मासा तोच, समुद्र तोच. एके ठिकाणी ती घर पोसते, दुसऱ्या ठिकाणी तिला मांजराचा मासा म्हणतात.

तुकडी मोजावी लागते

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या गटांच्या बैठकीत आम्ही एकदा साधा प्रश्न विचारला: घरी सुरमई आणली तर कोणाच्या पानात काय जातं? सगळ्या जणी आधी हसल्या, मग एकेक बोलू लागल्या. मधल्या तुकड्या घरच्या पुरुषांना. शेपटीकडच्या पोरांना. सासूबाईंना मऊ बघून एक. आणि वाढणारीला? तिला कालवणाचा रस, फार तर डोकं. कोणी तिला मुद्दाम उपाशी ठेवलं असं नाही. तुकड्या पाच आणि माणसं सहा असली की वाढणारी आपलं पान आपणच मागे सारते. आपल्या आयांनी तेच केलं, आपणही तेच करतो.

तारल्यांचं तसं होत नाही. किलोभर तारल्यांत वीस-पंचवीस नग येतात. पातेल्यात डाव घातला की दोन-तीन वर येतात. तिथे कोणी मोजत बसत नाही आणि शेवटी बसणारीच्या वाट्यालाही मासा उरतो. जवळ्याचं तर विचारूच नका, तो सगळ्या कालवणात सारखाच मिसळलेला असतो. मोठ्या माशाची वाटणी होते, तेव्हा घरात कोण मोठं, कोण लहान, हे पानातच दिसतं. बारीक मासळीत तो प्रश्नच येत नाही.

हे आम्ही एवढं का ताणतो? सरकारच्या २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. शंभरात ५४ जणी. म्हणजे आपल्या दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी. जिना चढताना धाप लागते, दुपारी डोकं गरगरतं, काम उरकत नाही. आपण म्हणतो, 'बाईच्या जातीला असायचंच.' असायचंच नाही. रक्त कमी होण्याची कारणं पुष्कळ असतात, त्यामुळे तपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवू नका. पण पानात रोज काय पडतं, याचाही त्यात मोठा भाग आहे.

मासळीतलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगाला सहज लागतं. शिवाय जेवणात मासा असला की सोबतच्या भाजी-डाळीतलं लोहही जास्त लागतं. त्यावर लिंबू पिळा, आणखी चांगलं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहा लोह अडवतो. तास-दीड तास थांबा.

लहान जात आणि लहान पोर

आता नीट ऐका. बाजारात टोपलीत बारीक मासे दिसले म्हणून सगळे एकच नव्हेत. बारीक मासे दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांची जातच लहान. दुसरे, मोठ्या जातीची पोरं.

तारली, पेडवे, मांदेली, जवळा यांची जातच लहान. तारली टिचभर झाली की ती मोठी बाई झाली. साधारण वर्षभरात ती अंडी घालण्याजोगी होते आणि एकेक मादी हजारो अंडी घालते. म्हणून योग्य मोसमात, बेताने पकडली तर ती पुन्हा भरून येते.

पण सुरमईचं तसं नाही. ती अंडी घालण्याजोगी व्हायला तिची लांबी दोन फुटांच्या पुढे जावी लागते. वीतभर सुरमई म्हणजे शाळेत जाणारी पोर. ती स्वस्त मिळाली म्हणून आपण घेतली, तर पुढच्या वर्षीची मोठी सुरमई आपणच आज खाल्ली. पापलेटचंही तेच. पापलेट २०२३ मध्ये आपल्या राज्याचा राज्यमासा झाला, कारण तो कमी होत चाललाय. त्याच वर्षी राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. फूटपट्टी कोण बाजारात नेणार? पिशवीत साधं बॉलपेन ठेवा. ते जवळजवळ तेवढंच लांब असतं. पापलेट पेनापेक्षा आखूड दिसलं, तर घेऊ नका. विकणारी आपलीच कोणी मावशी असेल तर भांडू नका. फक्त सांगा, "मावशी, ही पिल्लं आहेत, ही नको. मांदेली दे." गिऱ्हाईक नाही म्हणू लागलं की ही गोष्ट जाळ्यापर्यंत पोचते.

टोपलीतले सगळे मासे एकाच जातीचे, जवळपास एकाच मापाचे असतील, तर ती बहुधा थव्याची मासळी. पण पाच-सात जातींची कोवळी मासळी एकत्र कालवलेली दिसली, तर समजा की बारीक आसाच्या जाळ्याने समुद्राचा तळ खरवडून आलेली आहे. तिच्यात पोरंच जास्त.

ही मासळी येते कशी?

पावसाळ्यात साधारण जून-जुलै मासेमारीला बंदी असते, कारण तो पुष्कळ माशांचा अंडी घालण्याचा काळ. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवळला, की तारल्यांचे थवे किनाऱ्याकडे येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून थंडी संपेपर्यंत ती भरपूर मिळते आणि त्याच दिवसांत ती जास्त तेलकट, चवदार असते. मात्र दर वर्षी सारखीच येईल असा भरवसा नाही. एखाद्या वर्षी किनारा चांदीसारखा चमकतो, एखाद्या वर्षी औषधालाही मिळत नाही. पाण्याची ऊब, पाऊस, शेवाळ, सगळं त्यात येतं.

रापण आपल्याला नवी नाही. होडीतून अर्धवर्तुळात जाळं सोडतात, मग किनाऱ्यावरून दोन्ही टोकं माणसं ओढतात. ओढायला आलेल्या प्रत्येकाला वाटा मिळतो. बायकाही ओढतात आणि त्यांच्या वाट्याला बरेचदा हीच बारीक मासळी येते. खाडीच्या तोंडाशी पाग टाकतात. पाग म्हणजे घेराला शिसं लावलेलं गोल जाळं. ते फेकलं की छत्रीसारखं उघडतं आणि खाली बसतं. तिकडे रायगड, पालघरकडे भरती-ओहोटीच्या प्रवाहात डोल जाळी लावतात. त्यांत बोंबील, मांदेली, जवळा मिळतो.

तारल्यांचे थवेच्या थवे एकदम वेढणारी पर्ससीन जाळीही आली. त्यांच्या संख्येवर आणि क्षेत्रावर राज्य सरकारने २०१६ मध्ये मर्यादा घातली. त्यावरचे वाद तुम्हाला ठाऊक आहेत, आज त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो: टनांनी एकदम पकडलेली मासळी माणसाच्या पानापेक्षा कारखान्याकडे जास्त जाते. हातावर पोट असलेल्या रापणीची मासळी गावातल्या बाजारात येते. ती आपण घेतली तर दोन पैसे गावात राहतात.

घाटावरच्या आणि आतल्या गावच्या मैत्रिणींसाठीही एक गोष्ट. पहिला पाऊस पडला की ओढ्यातून, शेताच्या बांधावरून मासे वर चढतात, त्यांना आपण चढणीचे मासे म्हणतो. त्यांची मजा मोठी, पण ते मासे अंडी घालायलाच वर निघालेले असतात. आख्खा ओढा अडवून शेवटचा मासा काढू नका. निम्मे जाऊ द्या. आणि पाण्यात ब्लीचिंग पावडर किंवा औषध टाकून मासे मारणं तर सरळ गुन्हा समजा. त्याने माशांची पिल्लं, बेडूक, खेकडे सगळंच मरतं आणि तेच पाणी पुढच्या वाडीतली गुरं पितात.

घेताना आणि साफ करताना

तेलकट मासळी लवकर नासते. म्हणून घेताना डोळे उघडे ठेवा. माशाचा डोळा फुगीर आणि पाणीदार हवा. कल्ला लाल हवा, तपकिरी नको. पोट घट्ट हवं. तारलीचं पोट फुटून आतडी बाहेर आलेली असतील, तर ती परत टोपलीत टाका. बोटाने दाबलं की खड्डा राहता कामा नये. वास समुद्राचा यावा, आंबूस नको.

एक धोका फार जणींना माहीत नसतो. तारली, बांगडा असे मासे उन्हात तासन् तास राहिले, तर त्यांत हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते खाल्लं की तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, उलट्या होतात. आणि ते कितीही उकळलं तरी जात नाही. म्हणून 'मसाला जरा जास्त घालू, चालेल' असं करू नका. घरी यायला वेळ लागणार असेल तर डब्यात जेवढी मासळी तेवढाच बर्फ घ्या. घरी आल्यावर आधी मासळी, मग बाकीचं काम. लगेच शिजवायची नसेल तर फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवायची.

साफ करायचा कंटाळा, हेच बारीक मासळी न घेण्याचं खरं कारण, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण हात बसला की किलोभर तारली पंधरा-वीस मिनिटांत होते. खवलं नखानेही निघतात. डोकं मोडून पोटाकडे ओढलं की आतडीही बरोबरच येतात. मांदेली छोटी असेल तर तीही तशीच करायची. मग दोन पाण्याने धुवा, पाण्यात भिजत ठेवू नका, चव आणि सत्त्व जातं. मीठ आणि थोडा कोकमाचा आगळ चोळून दहा मिनिटं ठेवलं की उग्रपणा जातो. डोकी-आतडी माडाच्या किंवा शेवग्याच्या आळ्यात खोल पुरा. माडाला त्याचा वाटा असा द्यावा, अख्खी तारली देऊ नये.

चुलीवर

पहिलं, तारल्यांचं तिखलं. अर्धा किलो साफ केलेल्या तारल्यांना आठ-दहा सुक्या मिरच्या, दोन चमचे धणे, थोडी हळद असं बारीक वाटा. मातीच्या किंवा पसरट भांड्यात वाटण, मीठ, पाच-सहा सोलं, चेचलेली सात-आठ तिरफळं आणि मासा बुडेल न बुडेल एवढं पाणी घाला. तारल्या एका थरात लावा. मंद आचेवर ठेवा. डाव घालून ढवळू नका, मासा मोडतो. भांडंच फडक्याने धरून हलकेच फिरवा. पाणी आटून रस अंगाबरोबर आला की वरून चमचाभर खोबरेल तेल. तारली स्वतःच तेल सोडते, जास्त लागत नाही. हे तिखलं आंबट असल्यामुळे दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं. शिळं ठेवायचं तर गार करून फ्रीजमध्ये.

दुसरं, काटे खायचे असतील तर कुकर. हेच सगळं कुकरमध्ये घालून एक शिटी झाली की आच अगदी बारीक करून अर्धा तास ठेवा. सोलांची आंबटाई आणि वाफ यांनी काटा इतका मऊ होतो की चावून खाता येतो. हाच बारीक मासळीचा मोठा ठेवा आहे. आंबट रसात थोडं कॅल्शियम उतरतं, म्हणून रसही टाकू नका, भाताबरोबर खा.

तिसरं, मांदेली. तिखट, मीठ, हळद, आलं-लसूण लावून ठेवा. तांदळाचं पीठ आणि रवा यांत घोळवून कमी तेलात कुरकुरीत तळा. काट्यासकट कुडूमकुडूम खाल्ली जाते, पोरांना फार आवडते.

चौथं, पेडवे. ओलं खोबरं, हिरवी मिरची, लसूण, हळद, मीठ आणि आगळ यांचं जाडसर वाटण पेडव्यांना लावा, केळीच्या पानात गुंडाळा आणि तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी भाजा. तेलाचा थेंबही लागत नाही.

समुद्रापासून लांब असलेल्या मैत्रिणींनी सुका जवळा घ्यावा. तो आठवड्याच्या बाजारात कुठेही मिळतो. आधी निवडा, चाळा, दोनदा पाण्यातून काढा, म्हणजे वाळू आणि जास्तीचं मीठ जातं. मग कोरडा भाजून कांदा, लसूण, तिखट, सोलं घालून परता. भाकरीबरोबर मूठभर पुरतो.

घरीच सुकवायची असेल तर वाळूत किंवा रस्त्यावर पसरू नका. बांबूच्या मांडवावर, जाळीवर, जमिनीपासून उंच सुकवा, वरून बारीक जाळी टाका. आगोटीची बेगमी करताना पूर्ण कडक वाळल्याशिवाय डबा बंद करू नका. बुरशी दिसली की अख्खा डबा फेका.

काट्यात काय आहे?

दुधात १०० मिलिलीटरला साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तारलीच्या जातीचे, डब्यात मिळणारे मासे काट्यासकट खाल्ले तर १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या वर मिळतं. काटा काढून टाकला तर यातलं बरंचसं जातं. सुरमईची हाडं आपण चावत नाही, मऊ केलेल्या तारलीची चावतो, हा तो फरक. चाळिशीनंतर कंबर-गुडघे कुरकुरू लागतात तेव्हा ही गोष्ट आठवा. याशिवाय रक्ताला आणि नसांना लागणारं बी-१२ या मासळीत भरपूर असतं, आणि ड जीवनसत्त्वही.

काही जणींनी मात्र जपायला हवं. ज्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे, अंगठा सुजतो, सांधे धरतात, त्यांनी तारली-मांदेली डॉक्टरांना विचारून खावी. रक्तदाब असेल तर खारवलेली, सुकी मासळी कमी. कोळंबी अंगावर उठत असेल तर जवळाही नको, तो तिचाच भाऊबंद. लहान मुलांना काटा पूर्ण मऊ करून, कुस्करून, बोटाने तपासून द्या.

आता पैशाचं

बचत गटात बसून हिशेब न करता उठलो असं कधी झालं नाही. समजा सुरमई ८०० रुपये किलो आहे आणि तारली १२०. भाव रोज बदलतात, तुमच्या बाजारचे घाला. अर्धा किलो सुरमईचे ४०० रुपये, तुकड्या पाच किंवा सहा. एक किलो तारलीचे १२० रुपये, साफ करून साधारण ६०० ग्रॅम मासा आणि सहा माणसांना प्रत्येकी तीन-चार. वाचले २८०. महिन्यात दोनदा असं केलं तर ५६० रुपये. कितीतरी गटांत महिन्याची बचत एवढीही नसते. सुरमई कधी खाऊच नका, असं आम्ही म्हणत नाही. सणाला खा. पण पाहुणे आले म्हणून गटातून उसने काढून सुरमई आणायची, ही पद्धत आपण मोडायला हवी.

यात धंदाही आहे. शहरातल्या आणि नोकरीवाल्या घरांना ही मासळी नको असते ती चवीसाठी नव्हे, साफ करण्यासाठी. दोघी-तिघींनी मिळून साफ केलेली तारली, मांदेली बर्फात अर्ध्या-अर्ध्या किलोने दिली, निवडलेला स्वच्छ गोलमा बंद पाकिटात दिला, तर तीच मासळी चांगल्या भावाने जाते. छोट्या धंद्याला अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते, त्याची माहिती आम्ही पुढच्या भागात देऊ. बर्फ, स्वच्छ पाणी, वजनात खोट नाही, एवढं पाळलं की गिऱ्हाईक परत येतं.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याला एवढं करा. बाजाराला जाताना पिशवीत बॉलपेन न्या. पिल्लं घेऊ नका. ताजी तारली किंवा मांदेली दिसली तर किलोभर घ्या. आणि वाढताना आधी एक काम करा: चार पानं वाढण्याच्या आधी पाचवं पान स्वतःचं मांडा, त्यात दोन तारल्या ठेवा आणि मग बाकीच्यांना वाढा. घरात कोणी काही बोलणार नाही, पातेल्यात भरपूर असतात. पुढच्या बैठकीला येऊन सांगा, कोणी कोणी खाल्लं. पाहुण्यांनी काय म्हटलं, तेही सांगा. नमस्कार.